परीक्षेतलं पाणी फुकट असते

सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. त्यामुळे त्यांच्या ओसरीवर गणितं शिकायला येणाऱ्या आम्हा सगळ्यांचं बारसं त्यांनी परस्पर उरकून टाकलं होतं. एक उमरेड होता, एक नरखेड, एक सावनेर. मी काटोल. "उमरेड, तुह्या अन् काटोलच्या उत्तरात फरक काहून पडून राहिला?" असं ते मोठ्याने विचारत, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की इथे तालुक्याच्या हद्दीचा वाद चालू आहे.

त्यांचं घर नागपूरच्या हुडकेश्वर रस्त्यावर होतं. तेव्हा तो भाग शहरात धरत नसत. दोन घरं, मग तुरीचं शेत, मग पुन्हा एखादं घर, अशी वस्ती. सर शाळेतून अंकगणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण ते शाळेला कळलं होतं, त्यांना कळलं नव्हतं. रोज सकाळी सात वाजता ते पांढरा सदरा घालून ओसरीवर फळ्यासमोर उभे राहत. समोर विद्यार्थी नसले तर रस्त्यावरून जाणाऱ्याला बोलावत. पुढे बँकांच्या कारकुनीच्या परीक्षा निघाल्या, त्यांत अपूर्णांक आणि मिश्रणाची गणितं येऊ लागली, आणि सरांना माणसं धरून आणण्याची गरज उरली नाही.

मी मात्र त्यांच्याकडे गणितासाठी गेले नव्हते. खोलीसाठी गेले होते.

काटोलच्या कॉलेजातून मी बीए झाले. आमच्या घरातली पहिली. बाबा संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायचे. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी त्यांनी बाजारातल्या प्रत्येक आडत्याला तो सांगितला, आणि प्रत्येकाने त्यांना एकच सांगितलं, "मग आता नागपूरले पाठव, बँकेची परीक्षा देऊ दे." म्हणून एका सकाळी आम्ही दोघं एसटीने आलो आणि खोली शोधू लागलो. खोली सुरुवातीला रिकामी असायची. मग घरमालक माझं नाव विचारायचे, मग पूर्ण नाव विचारायचे, आणि मग त्यांना आठवायचं की ती खोली भाच्यासाठी ठेवली आहे. दुपारपर्यंत आम्ही बऱ्याच भाच्यांच्या खोल्या पाहिल्या.

हुडकेश्वर रस्त्यावर सर ओसरीवर बसून खडूचे तुकडे डब्यात भरत होते. बाबा सवयीने "जयभीम" म्हणाले. सर "जयभीम, या" म्हणाले आणि पुढच्याच श्वासात त्यांनी विचारलं, "पोरीले दिडकी येते काय?"

दिडकी म्हणजे दीडचा पाढा. बारा दिडे अठरा, तेरा दिडे साडेएकोणीस. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. आमच्या वेळेपर्यंत ते गेले होते.

"नाही येत," मी म्हणाले.

"पावकी?"

"नाही."

"निमकी?"

"ती जमेल. अर्धंच करायचं ना?"

सर हसले नाहीत. "अर्धंच करायचं, पण झटकन. खोली देतो. मात्र दिडकी पाठ झाली पाहिजे. नाही झाली तं खोली रिकामी करा लागन."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, लेकरू उन्हातून आलं. तिले पाणी तं पिऊ द्या, मंग परीक्षा घ्या."

परतताना बसथांब्यावर बाबा म्हणाले, "माय, ह्या माणसानं आडनावच नाही विचारलं." आणि मग ते बोलले, जे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. "तू लागली की लहानीले आणू. दोघींचं एकाच वेळी माह्यानं होत नाही."

लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. बारावीला तिला माझ्यापेक्षा खूप जास्त मार्क होते, तेही गणितात. ती घरी बसून होती, आणि माझी नोकरी लागेपर्यंत घरीच बसणार होती. तिच्या कॉलेजची वाट माझ्या परीक्षेतून जात होती. हे तिने कधी म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी राहायला आल्यावर शेजारच्या बाईंनी काकूंना कुंपणापाशी गाठून विचारलं, "कोणाची पोरगी ठेवली वं?" काकू म्हणाल्या, "दिडकीवाली." आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या. तो प्रश्न त्या घरात पुन्हा आला नाही.

सरांची सायकल हे एक प्रकरण होतं. गणित सुटत नसेल तर त्यांना सायकल चालवता येत नसे. उमरेडने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तो नेहमी सांगे. सक्करदऱ्याच्या चौकात सर मधोमध सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून आकाशाकडे पाहत उभे होते. मागे एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर ओरडला, "ओ मास्टरजी, मरना है क्या?" सर मागे न पाहता म्हणाले, "थांब गा, छेद समान करून राहिलो." ड्रायव्हर थांबला. थोड्या वेळाने त्याने नरमाईने विचारलं, "हुआ क्या?" सर म्हणाले, "हुआ. सत्रह बटा चौबीस." आणि पॅडल मारून निघून गेले. उमरेड थोडं वाढवून सांगायचा, पण ट्रक होता हे खरं.

आमची अडचण गणिताची कमी आणि इंग्रजीची जास्त होती. परीक्षेत गणितं इंग्रजीत येत. आम्ही सगळे मराठी शाळांतले. चार ओळींचं इंग्रजी गणित समोर आलं की आमचा जीव पहिल्या ओळीतच जाई. सर ते गणित मोठ्याने एकदा वाचत, पुस्तक मिटत आणि म्हणत, "घाबरायचं काम नाही. यात माणूस कोण आहे ते आधी पाहा. मग त्याच्यापाशी काय आहे. मग त्यानं काय उद्योग केला. अन् शेवटी त्याले काय पाहिजे." मग तेच गणित ते गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगत. दोन प्रतींचा तांदूळ मिसळणारा वाणी कोपऱ्यावरचा होई. टाकी भरणारे दोन नळ मनीषनगरच्या कोणा बंगल्यातले असत. आणि दुधात पाणी घालणारा गवळी अर्थातच आमच्याकडे रोज सकाळी दूध घालणारा.

तो गवळी सकाळी सातलाच येई, म्हणजे ऐन वर्गाच्या वेळी. काही महिने त्याने ऐकून घेतलं. एक दिवस चरवी खाली ठेवून तो म्हणाला, "सर, मी रोज ऐकून राहिलो. माह्या दुधात एवढं पाणी आहे म्हणून तुमाले कोण सांगितलं?"

"तुह्या नाही गा. पुस्तकातल्या गवळ्याच्या."

"मंग माहं नाव काहून घेता? त्या उमरेडवाल्याच्या घरमालकिणीनं काल माह्यापासचं दूध बंद केलं."

सरांना वाईट वाटलं. त्यांनी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्या गणितातला गवळी अमरावतीचा झाला.

पाण्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. एप्रिल महिना होता. आमच्या भागात नळ आले नव्हते, विहिरींना तळ दिसू लागला होता, आणि बैलगाडीवरून ड्रमने पाणी येई. ते विकत घ्यावं लागे. सरांनी गणित घातलं: अमरावतीचा गवळी ज्या भावाने दूध घेतो त्याच भावाने विकतो, पण पाणी मिसळून, आणि त्याला शेकडा पंचवीस नफा होतो, तर एक लिटर दुधात त्याने पाणी किती घातलं?

सगळे लिहू लागले. मी पेन खाली ठेवला.

"काय झालं, काटोल?"

"सर, गणित अपुरं आहे. पाण्याचा भाव दिलेला नाही."

सर माझ्याकडे पाहत राहिले. उमरेडला माझं पटलं. तो म्हणाला, "हव ना सर. अन् ड्रमचं आहे की विहिरीचं, ते बी सांगा लागन." सावनेर म्हणाला, त्यांच्याकडे तर उन्हाळ्यात पाणी दुधाच्या तोडीचं असतं, तिथे गवळ्याला हा धंदा परवडणारच नाही. वर्गात कल्ला झाला. सर खडू हातात धरून विचार करत उभे राहिले. ते आमच्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "काटोलचं बरोबर आहे. एकदम बरोबर आहे. पण ही पुस्तकं लिहिणारे ज्या गावात राहतात तिथं उन्हाळा नसते. लिहून घ्या सगळ्यांनी. परीक्षेतलं पाणी फुकट असते."

आम्ही लिहून घेतलं. पाव लिटर हे उत्तर मग लगेच आलं.

काकू दारात उभ्या होत्या. "मंग तुमच्या परीक्षेतूनच आणा दोन गुंड भरून पाणी," त्या म्हणाल्या. "इथं घोटभर नाही राहिलं."

सरांना कुठलंही गणित नुसतं कागदावर पुरत नसे. ते हाताने झालं पाहिजे. एकदा मिश्रणाचं प्रमाण दाखवण्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातून तुरीची डाळ आणली आणि त्यात चण्याची डाळ ओतली. दोन्ही पिवळ्या. प्रमाण आम्हाला लख्ख समजलं. मग काकू बाजारातून आल्या. त्यांनी डबा पाहिला, आमच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"हे कोण केलं?"

"समजावून सांगून राहिलो होतो," सर म्हणाले. "तीनास दोन."

"आता मले एकास एक करून द्या. तूर इकडं, चणा तिकडं."

त्या दिवशी आम्ही सगळे सुपं घेऊन दुपारपर्यंत डाळ निवडत बसलो. सरही बसले. निवडता निवडता ते म्हणाले, "पाहा, हेच प्रमाण मोजून पुन्हा बरोबर येते काय ते," आणि काकूंनी त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं.

अपूर्णांकाला भाकर लागे. परीक्षेत हमखास येणारा सापळा म्हणजे 'उरलेल्याचा'. एका माणसाने आपल्या शेताचा तिसरा हिस्सा विकला, उरलेल्याचा चौथा हिस्सा दान केला, तर राहिलं किती? घाईत असलेला विद्यार्थी एकातून तिसरा आणि चौथा हिस्सा वजा करून मोकळा होतो. सर एक भाकर घेत, तिचा तिसरा हिस्सा तोडून स्वतः खात. मग उरलेल्या दोन हिश्शांचे चार भाग करून त्यातला एक खात. "आता सांगा, उरली किती?" ज्याने आधी "अर्धी" म्हटलं त्याला ती अर्धी भाकर मिळे, वर मिरचीचा ठेचा. बारा छेदात काहीतरी सांगणाऱ्याला काही मिळत नसे. नरखेड पहिल्या महिन्यातच अंगाने भरला. उमरेडला उशिरा समजलं, पण समजलं ते पक्कं. तो म्हणे, "मले आता 'उरलेल्याचा' हा शब्द दिसला की भूक लागते."

परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापत. ही बातमी सरांना कळली तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. "म्हणजे निकाल बी अपूर्णांकातच लावतात!" ते काकूंना सांगायला आत धावले. चुकीचं उत्तर देणाऱ्याचं नुकसान होतं याचं त्यांना काही वाटलं नाही. पावकी कुठेतरी जिवंत आहे, एवढंच त्यांना पुरे होतं.

आणि तरीही पहिल्या वेळी मी नापास झाले.

पेपर चांगला चालला होता. मग तीन धातूंच्या मिश्रणाचं एक गणित आलं. मी त्यात माणूस शोधला, त्याच्याजवळ काय आहे ते पाहिलं, त्याचा उद्योग समजून घेतला. गणित सुटेना. मला ते टाकून पुढे जाववेना. सरांच्या ओसरीवर मी हेच शिकले होते, की हातात घेतलेलं गणित खाली ठेवायचं नाही. ते सुटलं तेव्हा घंटा व्हायला आली होती आणि पुढची दोन पानं मी उघडलीही नव्हती.

निकालाचे नंबर वर्तमानपत्रात आले. माझा नव्हता. काटोलला गेले तेव्हा लहानी म्हणाली, "काही नाही ताई, पुढच्या वेळी," आणि शिवणाच्या मशीनवर वाकली. तिने शेजारणींचे ब्लाउज शिवायला घेतले होते. बाबा म्हणाले, "अजून एक डाव देऊन पाह्य. नाही झालं तं तू वापस ये, इथंच काही पाहू." लहानीचं एक वर्ष गेलंच होतं. दुसरं गेलं असतं तर ती कॉलेजात जाणार नाही, मशीनवरच राहील, हे मला तिच्या पाठीकडे पाहूनच कळत होतं.

नागपूरला येऊन मी सरांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं गणित होतं?" मी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे फळ्यावर ते मांडलं, आनंदाने सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. ते फळ्याकडे पाठ करून खाली बसले.

"माह्या वेळी," ते म्हणाले, "हिशेबाच्या कचेरीत जागा निघाल्या होत्या. मध्यप्रांताच्या जमान्यातली गोष्ट. माहं अंकगणित जिल्ह्यात पहिलं. पेपरात हौदाचं एक गणित आलं. मोठं गोड गणित होतं. मी त्यालेच धरून बसलो."

"सुटलं?"

"सुटलं ना! म्हणून तं सांगून राहिलो. तीन रीतींनी सोडवलं. बाकीचा पेपर कोरा." हातातला खडू डब्यात टाकत ते म्हणाले, "म्हणून मी मास्तर झालो. मले त्याचं दुःख नाही. मास्तरकीत एका गणितापाशी कितीही बसता येते. पण तुह्या घरी कोणी वाट पाहून राहिलं आहे. तू सोडायला शीक."

पण शिकवणार कोण? सरांनी प्रयत्न केला. घड्याळ समोर ठेवून ते मला गणित देत, वेळ झाली की "सोड!" म्हणत, आणि लगेच विचारत, "कुठपर्यंत आलं होतं? दाखव." मग आम्ही दोघंही त्यावर वाकायचो. तीन दिवस हे पाहून चौथ्या दिवशी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"एक पोळी फुगत नाही म्हणून मी तव्यापाशी बसून राहते काय? ती काढते अन् दुसरी टाकते. भैताड आहात तुम्ही दोघं बी. काटोल, पुस्तक घेऊन आत ये."

अशी माझी शिकवणी चुलीपाशी सुरू झाली. काकूंना घड्याळात रस नव्हता. तव्यावर पोळी पडली की मी गणित वाचायला सुरुवात करायची. पोळी उतरली की पुढचं गणित. सुटलेलं असो वा नसो. "झाली पोळी! सोड!" आणि त्या खरंच सोडायला लावत. मी एक ओळ जास्त लिहिली तर हातातली पेन्सिल काढून घेत. सर दारात उभे राहून तळमळत.

"अवं, एकच पायरी राहिली तिची!"

"राहू द्या. पोळी जळून राहिली."

"तिचं उत्तर येऊनच राहिलं होतं!"

"तुमचं बी येऊनच राहिलं होतं ना कचेरीत? जा, फळा पुसा."

काकू तिसरी शिकलेल्या. त्यांना माझं एकही गणित समजत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना एकाचाही मोह पडत नव्हता. आठवड्याभरात वर्गातले बाकीचेही आत येऊ लागले. कणकेचा गोळा दिवसेंदिवस मोठा होत गेला. आधी हातातलं गणित टाकताना मी त्या पानात बोट अडकवून ठेवत असे. नंतर नंतर पोळी उलटण्याच्या वासावरूनच मला कळू लागलं की आता अर्धा वेळ संपला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर पोहोचले आणि माझ्या नंबराच्या बाकावर बसले. पहिला प्रश्न वाचला आणि मनातल्या मनात तव्यावर पोळी पडली. मी चालत राहिले. 'उरलेल्याचा' आला, तो भाकरीसारखा तोडला. फुकटचं पाणी आलं, त्यालाही हसून निरोप दिला. आणि मग ते आलं: एका भांड्यात दूध आणि पाणी पाचास तीन. त्यातलं सोळा लिटर मिश्रण काढून तेवढंच पाणी घातलं. आता दूध-पाणी तीनास पाच. तर भांडं केवढं?

मी मांडलं. काढलेल्या सोळा लिटरमध्येही दूध आणि पाणी दोन्ही गेलं, तिथे माझा गुंता झाला. मला दिसत होतं की हे सुटणार आहे. मोठं गोड गणित होतं. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

मला पोळी करपल्याचा वास आला. मी पान उलटलं.

पेपर पूर्ण झाला. शेवटी मागे वळायला वेळ उरला नाही, ते गणित तसंच राहिलं.

फाटकाबाहेर निंबाच्या झाडाखाली सर आणि काकू उभे होते. काकूंच्या हातात डबा. सर पुढे झाले. "मिश्रणाचं काय आलं होतं?"

"आधी तिले खाऊ द्या," काकू म्हणाल्या.

मी गणित सांगितलं. "मग?" सरांनी विचारलं.

"सोडून दिलं, सर."

कोणी लहान मूल बाजारात सोडून आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या कष्टाने ते म्हणाले, "बरं केलं. फार बरं केलं." एवढं बोलून ते खाली बसले आणि एका काडीने धुळीत मांडू लागले. बाहेर पडणारी मुलं भोवती जमली. "चाळीस!" सर ओरडले. "चाळीस लिटर!" घोळक्यातला एक मुलगा म्हणाला, त्याने पंचवीस लिहिलंय. "पंचवीस तं दूध झालं गा, भांडं कुठं झालं?" त्या मुलाचा चेहरा पडला. त्याच्यासाठी सरांनी पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. चौकीदाराने येऊन सगळ्यांना हुसकावलं तेव्हा सर त्याला म्हणाले, "थांबा हो, ताळा पाहून राहिलो." मी काकूंच्या शेजारी उभी राहून जेवत होते.

या वेळी नंबर आला. मुलाखतही झाली. मला नागपूरजवळची बुटीबोरीची शाखा मिळाली, आणि त्याच जूनमध्ये लहानी ट्रंक घेऊन नागपूरला आली. कॉलेजात नाव घातलं, विज्ञानाला. सरांनी तिला उंबरठ्यावरच दिडकी विचारली. ती पाठ करून आली होती. एक काटोल आधीच असल्यामुळे तिचं नाव सव्वा काटोल पडलं.

नव्या वर्गाच्या पहिल्या सकाळी मी कामावर जायला निघत होते. ओसरी नव्या गावांनी भरली होती. लहानीही वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. फळ्यावर माझं गणित होतं, सोळा लिटरचं.

"हे गणित," सर सांगत होते, "आपल्या काटोलनं परीक्षेत सोडून दिलं. अन् तिले नोकरी लागली. पहिला धडा हाच. वाचा, थोडं करून पाहा, अन् टाकून द्या. उत्तर कोणी सांगायचं नाही."

सगळ्यांनी वाचलं, आज्ञेप्रमाणे वह्या मिटल्या. सर समाधानाने फळा पुसायला वळले.

"सर," लहानी म्हणाली, "हे टाकायचं काहून? हे तं लगेच होते."

"लगेच नाही होत वं. काढलेल्या मिश्रणात दूध बी आहे, पाणी बी."

"पाण्याकडे पाहायचंच नाही. नुसतं दूध पाहायचं. आधी आठात पाच होतं, मग आठात तीन राहिलं. म्हणजे पाचातलं तीन उरलं, दोन गेलं. भांड्यातूनही मग पाच हिश्शांतले दोनच काढले असतील. ते सोळा, तं पुरं भांडं चाळीस."

सरांनी ओला फडका तसाच हातात धरला होता. मग ते हळूहळू आले आणि विद्यार्थ्यांच्या सतरंजीवर, लहानीच्या शेजारी मांडी घालून बसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."

काकू माझा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि डबा माझ्या हातात दिला. "तू जा वं, तुही बस चुकन. हे काही आता उठत नाही."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत लहानीचा आवाज येत होता, सावकाश, एकेक हिस्सा मोजत, आणि मधूनमधून सर म्हणत होते, "हव... हव... मंग?"